मुलांचे ताट आणि आईबापांचे तास

‘घरचे काही केले की नाक मुरडतात आणि बाहेरचे पुढ्यात आले की अधाशासारखे तुटून पडतात’, ही तक्रार आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही पालकसभेत ऐकू येते. तक्रार बहुधा नववी-दहावीतल्या मुलांविषयी असते. शिक्षक मान डोलावतात, डॉक्टर जिभेवर ताबा ठेवण्याचा उपदेश करतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या डब्यासाठी पौष्टिक पाककृती छापतात आणि अखेरीस सर्वांचे बोट एकाच व्यक्तीकडे वळते : आईकडे. तिला वेळ नाही, तिचे लक्ष नाही, तिने लाडावून ठेवले आहे, असा निवाडा होतो आणि सभा संपते. आम्हांला हा निवाडा मान्य नाही. मुलाच्या ताटात काय पडते हे ज्या घरात ठरते असे आपण समजतो, त्या घराचे दिवसाचे तास, त्याची मिळकत आणि त्याची मनःशांती ही दुसरीकडेच ठरत असतात. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचेच असेल तर तिथवर जायला हवे.

कल्याणपलीकडच्या एखाद्या चाळीतले घर डोळ्यांपुढे आणा. वडील एका गोदामावर रखवालदार आहेत. पाळी बारा तासांची, तीही कंत्राटदाराच्या मर्जीवर दिवसाची नाहीतर रात्रीची. आई पहाटे उठून पोळ्या लाटते, सहाची लोकल गाठते आणि रात्री आठला परतते. परतीच्या गाडीत महिला डब्यातल्या इतर बायकांबरोबर ती मटार सोलते, भाजी निवडते. तेवढाच वेळ वाचतो. घरी आल्यावर तिच्या डोक्यात भाड्याचा हप्ता असतो, गटाच्या कर्जाचा हप्ता असतो आणि कंत्राट संपल्यावर पुन्हा कामावर घेतील की नाही ही धास्ती असते. मुलगा नववीत आहे. सकाळी चहा-बिस्किट, मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाजवळचे पाच रुपयांचे चटकदार पुडके, संध्याकाळी शिकवणीवरून येताना वडापाव किंवा चायनीज भेळ, आणि रात्री मोबाइलवर नजर लावून कशीबशी अर्धी पोळी. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली बहीण सकाळी काहीच खात नाही. आई नसताना रात्रीची कणीक तीच मळते, सर्वांना वाढते आणि उरेल ते खाते. वडील दमून येतात तेव्हा घरात बोलणे होते ते गुणांचे, पैशांचे किंवा भांडणाचे. त्यामुळे जेवायला एकत्र बसणे मुलांनाच नकोसे होते. ती आपापले ताट घेऊन कोपऱ्यात जातात.

ह्या घरात प्रेमाचा तुटवडा आहे असे कोण म्हणेल? उलट ज्या आईला मुलांपाशी बसता येत नाही, ती जाताना त्यांच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवते. वेळ देता येत नाही म्हणून पैसे दिले जातात. ते दहा रुपये म्हणजे तिच्या अपराधी मनाची भरपाई असते, आणि ती नेमकी कोणाच्या गल्ल्यात जाते हे पुडकी विकणाऱ्या कंपन्यांना पक्के ठाऊक असते.

आईबापांचा ताण मुलांच्या ताटात उतरतो ही केवळ आमची कल्पना नव्हे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांच्या पालकांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नोकरी आणि घर ह्यांच्या ओढाताणीचा ताण ज्यांच्यावर अधिक, त्यांच्या घरी एकत्र जेवणे कमी, आणि त्या पालकांच्या स्वतःच्या खाण्यातही गोड पेये व बाजारचे तयार अन्न अधिक, असे त्यांना आढळले. हे आई आणि वडील दोघांच्याही बाबतीत खरे होते. परंतु त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. आई पूर्णवेळ नोकरी करीत असेल तर घरातली एकत्र जेवणे, भाजी-फळे, स्वयंपाकाचा वेळ ह्या साऱ्यांत घट दिसली. वडील पूर्णवेळ नोकरी करीत असतील तर त्यांचे स्वतःचे स्वयंपाकाचे तास तेवढे कमी झाले. बाकी फरक पडला नाही. ह्याचा अर्थ उघड आहे. वडिलांकडून घराच्या ताटाची अपेक्षा आधीच कोणी केलेली नव्हती! अमेरिकेतले कुटुंब आणि आपले कुटुंब ह्यांत अंतर पुष्कळ आहे. पण ह्या एका बाबतीत दोन्हीकडची चूल सारखीच पेटते.

शरीरशास्त्रही ह्याला दुजोरा देते. माणूस दीर्घकाळ ताणाखाली राहिला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते आणि पुष्कळांना गोड, तळलेले, खारट खाण्याची ओढ लागते. काहींची मात्र भूकच मरते. मुले घरातला ताण न सांगता ओळखतात. म्हणून एकाच घरात भाऊ पुडक्यांवर पोट भरतो आणि बहीण उपाशी राहते, ह्यात विसंगती काहीच नाही. एकाच ताणाची ही दोन रूपे आहेत. आणि हे घडते ते नेमके अशा वयात, की ज्या वयात उंची झपाट्याने वाढते, हाडे भरतात, मुलींना पाळी सुरू झाल्यामुळे लोहाची गरज वाढते. आजची सवय ही उद्याची प्रकृती ठरते ती ह्याच वर्षांत.

आपल्या देशातले आकडे सरकारचेच आहेत. २०१६ ते २०१८ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षे वयाची २४ टक्के मुलेमुली वयाच्या मानाने कृश आढळली आणि ५ टक्के अतिवजनी. रक्तक्षय मुलींत ४० टक्के, मुलांत १८ टक्के. कृशता आणि स्थूलता एकाच पिढीत, पुष्कळदा एकाच वस्तीत नांदत आहेत. भूक आणि अजीर्ण हे पूर्वी दोन वर्गांचे रोग होते; आता बाजाराने ते एकाच चाळीत आणून ठेवले आहेत.

शहर सोडून मराठवाड्यात गेलो तर हेच चित्र अधिक भेसूर होते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली लक्षावधी माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोचा एक ‘कोयता’ पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो. मागे राहिलेली मुले आजीआजोबांच्या स्वाधीन असतात किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारावर दिवस काढतात. बरोबर नेलेली मुले पालावर राहतात आणि त्यांची शाळा सुटते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घरी राहिली तरी धाकट्यांचा स्वयंपाक तिच्याच वाट्याला, फडावर गेली तरी चूल तिच्याच वाट्याला. पाच-सहा महिने आईबाप आणि मुले एका ताटाभोवती बसतच नाहीत. ह्या मुलीला ‘संतुलित आहार’ ह्या विषयावर निबंध लिहायला सांगणाऱ्या शिक्षणव्यवस्थेला काय म्हणावे?

सुस्थितीतल्या घरांतही हे घडते, मग कष्टकऱ्यांचेच गाऱ्हाणे का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मध्यमवर्गीय घरातला ताण वेगळ्या जातीचा आहे : तो स्पर्धेचा आहे. शाळा, शिकवणी, प्रवेशपरीक्षा ह्यांच्या चरकात मुलांबरोबर आईबापही पिळून निघतात. लाखांचे शुल्क भरलेले असते, गुणांची धास्ती असते, आणि जेवणाच्या ताटावर मुलाची उलटतपासणी होते. तिथेही मुले ताट टाळतात. परंतु त्या घरात फळे आणून ठेवता येतात, स्वयंपाकाला बाई ठेवता येते, डॉक्टरकडे जाता येते. आणि ती स्वयंपाकाची बाई कोण? कल्याणपलीकडच्या त्या आईसारखीच कोणी, जी दुसऱ्यांच्या मुलांना गरम पोळ्या वाढून रात्री स्वतःच्या मुलांपुढे सकाळची गार भाजी ठेवते. रात्री नऊ वाजता दुचाकीवरून जेवणाची पुडकी पोचवणाऱ्या तरुण बापाचेही तेच. लोकांच्या जेवणाची वेळ हीच त्याच्या कमाईची वेळ. त्यामुळे स्वतःच्या मुलांच्या जेवणाला तो कधीच हजर नसतो. ताण सर्वांनाच आहे, हे खरे. पण तो दुसऱ्याच्या खांद्यावर सरकवण्याची सोय सर्वांना नाही. वर्गाचा प्रश्न उभा राहतो तो इथे.

बाजाराविषयी थोडे. अतिसाखर, अतिमीठ आणि अतिचरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकू नयेत, त्यांची जाहिरात करू नये, असे नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केले. नियम चांगला आहे. तो आपल्या गावातल्या शाळेच्या फाटकापाशी पाळला जातो का, हे वाचकांनी मधल्या सुट्टीत जाऊन स्वतःच पाहावे. मात्र टपरीवाल्याला हुसकावून लावण्यातच ज्यांना पराक्रम वाटतो, त्यांच्यात आम्ही नाही. तोही पोटासाठीच उभा आहे. दूरचित्रवाणीवरून आणि मोबाइलवरून अहोरात्र मुलांचा पाठलाग करणाऱ्या बड्या कंपन्यांना मोकळे सोडायचे आणि कारवाई मात्र हातगाडीवर करायची, हा न्याय नव्हे.

मूळ प्रश्न वेळेचा आहे आणि वेळेचा प्रश्न हा कामगार चळवळीचा सर्वांत जुना प्रश्न आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे मागणे मांडले, त्यात रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्धा तास विश्रांतीही होती. तो अर्धा तास भाकरीचा होता. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. ती कोणी दान म्हणून दिली नाही. आता उलटा प्रवास पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास आणि विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनंतर देण्यास मान्यता दिली. दुकाने व आस्थापनांसाठी नऊचे दहा तास केले. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत आणि जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे समर्थन करण्यात आले. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कायद्याची चौकटच बदलली. चौकट कोणतीही असो, ज्याला उद्या कामावर ठेवतील की नाही ह्याची शाश्वती नाही, त्याची संमती कितपत मोकळी असते? आणि भूक काही आठवड्याच्या हिशेबाने लागत नाही. शनिवारी दोन जेवणे एकत्र केली म्हणून सोमवार ते शुक्रवारची रिकामी संध्याकाळ भरून निघत नाही. कामाचा दिवस बारा तासांचा, वर येण्याजाण्याचे तीन तास. मग मुलाशी बोलायला बापाजवळ उरते काय? गुंतवणूक किती येईल ह्याचे अंदाज निर्णयापूर्वी मांडले जातात. किती घरांतले रात्रीचे एकत्र जेवण बंद पडेल, ह्याचा अंदाज मांडण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

ह्यावर सनातन्यांचे उत्तर तयारच असते : बायकांनी घरी बसावे म्हणजे प्रश्न मिटेल! बाईने घरी बसावे असे सांगणाऱ्यांनी एकाच्या पगारात चार माणसांचे कसे भागते हे आधी सांगावे. शिवाय बाईचे काम केवळ पैशासाठी नसते, ते तिच्या स्वातंत्र्यासाठीही असते, आणि ते स्वातंत्र्य गहाण टाकून मुलांचे पोषण करा असे सांगणे आम्हांला लाजिरवाणे वाटते. २०२४ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. हा हिशेबही जे पुरुष घरकाम करतात त्यांच्यापुरताच आहे. बहुसंख्य पुरुष तेवढेही करीत नाहीत.

इथे आपल्या स्वतःच्या घरातही डोकवायला हवे. परिवर्तनाच्या चळवळीतल्या आम्हा पुरुषांच्या बैठका रात्री अकरापर्यंत चालतात. समतेवरची भाषणे संपवून आपण घरी परततो तेव्हा झाकून ठेवलेले ताट आपली वाट पाहत असते. ते कोणी झाकून ठेवले, तोवर मुले कोणाशी बोलली, काय जेवली, हे आपण कितीदा विचारले? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ज्याची समता थबकते, त्याने कारखान्याच्या मालकाला समता शिकवू नये. किमान कणीक मळायला तरी शिकावे. त्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

परंतु घरातली वाटणी सुधारल्याने सारे भागेल असे नाही. वाटून घ्यायला दोघांजवळ वेळ तर हवा. म्हणूनच मुलांच्या जेवणाची जबाबदारी काही अंशी समाजाने उचलली पाहिजे, असे समाजवादी विचार प्रथमपासून सांगत आला. इंग्लंडमध्ये १९०६ साली शाळेत मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला तो मजूर पक्षाच्या एका सभासदाच्या विधेयकातून. फिनलंडने १९४३ साली, युद्ध चालू असताना, सर्व शाळकरी मुलांना मोफत जेवणाचा कायदा केला. आपल्याकडे मद्रास राज्यात कामराज ह्यांनी १९५६ साली दुपारच्या जेवणाची योजना सुरू केली आणि एम. जी. रामचंद्रन ह्यांनी १९८२ साली ती व्यापक केली. पुढे तमिळनाडूने ती दहावीपर्यंत नेली. तेव्हाही ‘हे परवडणार नाही’ असे सांगणारे शहाणे होतेच. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे कोरड्या तांदळाऐवजी देशभर ताटात अन्न पडू लागले.

मात्र महाराष्ट्रात शालेय पोषण आहार आठवीला संपतो. सहावी ते आठवीच्या मुलासाठी शासनानेच ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरवले आहे. तोच मुलगा जूनमध्ये नववीत गेला की त्याची भूक शासनाच्या लेखी नाहीशी होते! वाढीची गरज सर्वांत मोठी असते, मुलींचा रक्तक्षय बळावतो, शाळागळती आणि बालविवाह ह्यांचा धोका असतो, नेमक्या त्याच वळणावर शासन ताट काढून घेते आणि फाटकाबाहेरचे पुडके त्या ताटाची जागा घेते. आठवीपर्यंतच्या ताटाचीही काय कथा! आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने २०२३ साली घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद करून लोकवर्गणीकडे बोट दाखवले. गरिबाच्या मुलाचे अंडे ही ज्या राज्याला चैन वाटते, त्या राज्याने प्रगतीच्या जाहिराती कमी कराव्यात.

आमच्या मागण्या साध्या आहेत. शालेय पोषण आहार बारावीपर्यंत न्यावा आणि त्यात अंडे, ज्यांना ते चालत नाही त्यांना फळ, हक्काने मिळावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिफारस केलेली सकाळची न्याहारी शाळेत सुरू करावी. हे अन्न शिजवणाऱ्या भगिनी आज तुटपुंज्या मानधनावर राबतात. त्यांना किमान वेतन द्यावे, नाहीतर एका आईचा ताण कमी करताना दुसरीचा वाढवल्यासारखे होईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहे हंगामाच्या पहिल्या दिवसापासून चालू असावीत. आणि आठ तासांचा दिवस हा कामगाराचा हक्क कोणत्याही सबबीखाली सैल करू नये.

मागण्यांची वाट न पाहता करण्याजोगेही काही आहे, आणि त्याची परंपरा ह्याच मुंबईत आहे. गिरणगावातल्या बायका एकट्या कामगारांना खानावळीचे जेवण घालीत. सावकाराच्या पाशात अडकलेल्या त्या बायकांना प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. स्वयंपाक ही एकेका बाईने एकेका चुलीपुढे भोगायची शिक्षा नसून संघटित करता येण्याजोगे सामाजिक काम आहे, हे त्यांनी दाखवून दिले. युनियनची कार्यालये, वाचनालये, मंडळांचे मंडप संध्याकाळी रिकामे असतात. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तरी वस्तीतल्या मुलांना तिथे एकत्र, गरम आणि कोणी रागावत नसताना जेवता आले, तर ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठे काम होईल. मात्र तिथेही पोळ्या लाटायला फक्त बायका असतील, तर आपण काहीच शिकलो नाही असे समजावे.

पुढच्या पालकसभेत कोणी आईकडे बोट दाखवील, तेव्हा उपस्थितांपैकी एकाने तरी उठून विचारावे, की ह्या मुलाचे आईवडील किती वाजता घरी येतात? त्या प्रश्नाचे उत्तर शाळेजवळ नसेल, डॉक्टरजवळ नसेल. पण तो प्रश्न सभेत मांडला गेला म्हणजे मुलाच्या ताटाची चर्चा कारखान्याच्या फाटकापर्यंत आणि विधानसभेपर्यंत नेता येईल. ती तिथे नेणे हे आपले काम आहे.